गडावरच्या गर्जनेला इको कसा द्यायचा: व्हिडिओ एडिटिंगमधला हिशेब, ट्रॅक आणि नेहमीचे घोळ

इफेक्टच्या यादीतून ‘इको’ उचलायचा, क्लिपवर टाकायचा आणि पुढे जायचं, बहुतेक व्हिडिओंत एवढंच केलेलं असतं. परिणामी शब्दावर शब्द चढतात, संवाद कळेनासा होतो आणि डोंगरातला माणूस न्हाणीघरात उभा राहून बोलतोय असं वाटतं. यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. आवाज कशावर आदळून परत येतोय, हेच कोणी ठरवलेलं नसतं. समोरचा कडा, घुमट, विहीर की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा भोंगा, हे एकदा ठरलं की किती उशिरा, किती वेळा आणि किती हळू हे तिन्ही आकडे त्यातूनच निघतात.

इथे मुख्य उदाहरण घेतलंय ते गडावरच्या ‘हर हर महादेव’चं, कारण ट्रेकच्या व्हिडिओंत आणि ऐतिहासिक शॉर्टफिल्ममध्ये इको सर्वात जास्त तिथेच लागतो आणि सर्वात जास्त बिघडतोही तिथेच.

आधी अंतर, मग मिलिसेकंद

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला नियम आठवा. आवाजाचा ठसा मेंदूत साधारण ०.१ सेकंद राहतो. हवेत २२ अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर. म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत किमान १७.२ मीटर लांब हवी. एडिटिंगमध्ये हाच नियम उलटा वापरायचा: चित्रात कडा किती लांब दिसतोय ते अंदाजाने ठरवा, त्याची दुप्पट करा (आवाज जाऊन परत येतो), ३४४ ने भागा. उत्तर सेकंदांत मिळेल.

१०० मीटरवरचा कडा म्हणजे ०.५८ सेकंद. २०६ मीटर म्हणजे १.२ सेकंद. दरीपलीकडची ४०० मीटरवरची डोंगरधार म्हणजे तब्बल २.३ सेकंद.

आता खरी मेख. ‘महादेव’ हा शब्द ओरडून म्हणताना साधारण १.२ सेकंद लागतात असं धरू. कडा १०० मीटरवर असेल तर परत आलेला आवाज ०.५८ सेकंदाला सुरू होतो, म्हणजे मूळ शब्द अजून अर्ध्यातच असतो. परतीच्या शब्दाचा पहिला भाग मूळ आवाजाखाली दबतो आणि मोकळं ऐकू येतं ते फक्त शेवटचं ‘...देव’. अख्खा ‘महादेव’ स्वच्छ परत यायला हवा असेल तर उशीर शब्दाच्या लांबीएवढा तरी हवा, म्हणजे १.२ सेकंद. दोन्ही चालतं. जवळच्या कड्याला तुटक शेपूट शोभते, लांबच्या कड्याला अख्खा शब्द. चित्रात दूरची धार दाखवून ३०० मिलिसेकंदांचा इको दिला तर मात्र प्रेक्षकाच्या कानाला ते पटत नाही, भले कारण त्याला सांगता येणार नाही.

खरा २.३ सेकंदांचा उशीर पुष्कळदा शॉटला परवडत नाही, तोवर कट झालेला असतो. अशा वेळी १.२ ते १.५ सेकंदांवर तडजोड करावी. त्याहून खाली आणू नये.

इको आणि रिव्हर्ब यांची गल्लत

इकोमध्ये परत आलेला शब्द वेगळा ऐकू येतो. रिव्हर्बमध्ये असंख्य परावर्तनं इतकी दाट येतात की शब्दाभोवती नुसतं घुमणं उरतं. उघड्या माळावर, कड्यासमोर रिव्हर्ब जवळजवळ नसतो, कारण आवाज वर आणि बाजूला निघून जातो. देवळाच्या गाभाऱ्यात उलट: भिंती जवळ, त्यामुळे इको नाही, फक्त घुमणं. गाभाऱ्यातल्या मंत्राला डिले (आवाज उशिराने परत वाजवणारा इफेक्ट) लावणं आणि गडावरच्या आरोळीला ‘हॉल रिव्हर्ब’ लावणं, या दोन्ही चुका सर्रास दिसतात.

एका परतीसाठी इफेक्ट लागतच नाही

कड्यावरून आवाज बहुधा एकदाच ठळक येतो. त्यासाठी सर्वात स्वच्छ उपाय म्हणजे क्लिपची नक्कल दुसऱ्या ट्रॅकवर सरकवून ठेवणं. ही युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. मोबाइलच्या ॲपमध्येही चालते, फक्त त्यात एकाहून जास्त ऑडिओ लेयर घेता आले पाहिजेत.

मूळ आवाज ऑडिओ १ वर असू द्या. त्यातून फक्त ‘महादेव’ एवढाच तुकडा कापून त्याची नक्कल ऑडिओ २ वर आणा. अख्खी आरोळी घेऊ नका. पहिले दोन ‘हर’ परत आले की तिसऱ्या शब्दावर आदळतात आणि सगळाच गोंधळ होतो. कापताना वेव्हफॉर्म, म्हणजे क्लिपवर दिसणारा आवाजाचा आलेख, मोठा करून बघा. ‘हर’मधला ‘र’ ‘म’ला चिकटलेला असतो. कट दोन फ्रेम अलीकडे पडला तर कड्यावरून ‘रमहादेव’ परत येतो, आणि एकदा ते कानात बसलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. ‘म’चा ओठ मिटलेला भाग वेव्हफॉर्मवर बारीक कंबरेसारखा दिसतो, तिथे कट मारा. सुरुवातीला १० ते २० मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज हळूहळू चढवणं) आणि शेवटी थोडा लांब फेड-आउट (हळूहळू उतरवणं) द्या. फेड नसेल तर कटवर ‘टक’ वाजतं.

मग नक्कल उजवीकडे सरकवा. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे १.२ सेकंदांसाठी ३० फ्रेम. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर ३६. अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमच्या आत बारीक सरकवायचं असेल तर टाइमलाइन पॅनलच्या मेन्यूतून ‘शो ऑडिओ टाइम युनिट्स’ चालू करावं. कड्याच्या इकोला एवढ्या बारकाईची गरज पडत नाही, गाण्याला पडते.

आता नकलेचा आवाज मूळपेक्षा १० ते १४ डेसिबलने खाली आणा. ज्या ॲपमध्ये डेसिबल न दाखवता टक्के दाखवतात तिथला ढोबळ हिशेब: ५० टक्के म्हणजे सुमारे ६ डेसिबल कमी, २५ टक्के म्हणजे १२ डेसिबल कमी. म्हणजे २० ते ३० टक्क्यांच्या आसपास.

लांबून आल्यासारखा आवाज

नुसता हळू केलेला आवाज लांबचा वाटत नाही, हळू बोललेला वाटतो. हवेतून लांब जाताना वरच्या पट्टीतला भाग जास्त झिजतो आणि खडबडीत दगड उरलेली धार घालवतो. म्हणून ऑडिओ २ वर इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावाच: खालून २५० हर्ट्झपर्यंतचं काढा, वरून ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या पुढचं उतरवा. कडा जितका लांब, तितका वरचा कट खाली. ४०० मीटरसाठी २,५०० हर्ट्झसुद्धा चालेल.

खालचा कट दुहेरी कामाचा आहे. गडावरच्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याची घरघर असतेच आणि ती बहुतेक २०० हर्ट्झच्या खाली असते. कट नसेल तर शब्दाबरोबर वाराही कड्यावरून परत येतो. वरचा कट ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ कमी करतो. ‘जय शिवराय’सारख्या घोषणेत तो ‘शि’ प्रत्येक परतीत टोचतो, त्यामुळे तिथे कट न चुकता लावा.

कडा काही गुळगुळीत भिंत नसतो. त्यामुळे परत येणारा आवाज किंचित पसरलेला असतो. इक्वलायझरनंतर अगदी थोडा रिव्हर्ब लावा: घुमण्याचा वेळ १ सेकंदाच्या आसपास, प्रमाण १५ ते २० टक्के. हा फक्त ऑडिओ २ वर, मूळ आवाजावर नाही. आरोळी देणारा कॅमेऱ्याजवळ उभा आहे, त्याचा आवाज कोरडाच हवा. जवळचा कोरडा आणि लांबचा पसरट, या फरकातूनच दरी किती खोल आहे ते ऐकणाऱ्याला कळतं.

कडा चौकटीत उजवीकडे दिसत असेल तर नकलेचं पॅन (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटण्याची सेटिंग) ३० ते ४० टक्के उजवीकडे न्या. दुसरी धार डावीकडे असेल तर आणखी एक नक्कल: पहिलीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा, आणखी ५ डेसिबल हळू, डावीकडे, वरचा कट आणखी खाली. सह्याद्रीतल्या दरीत दोन-तीन बाजूंनी वेगवेगळ्या वेळी आवाज परत येतो तो असाच. सारख्या अंतराने पाच वेळा येणारा ‘देव... देव... देव...’ सिनेमातला असतो, डोंगरातला नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच इफेक्टने भरून निघत नाही: आरोळी खरोखर ओरडलेली हवी. साध्या बोलण्याच्या आवाजाला कड्याचा इको दिला की खोटेपणा लगेच उघडा पडतो, कारण तेवढ्या आवाजाला कडा उत्तर देत नाही. रेकॉर्डिंग वाऱ्याने खराब झालं असेल तर घरी, भिंतींना गोधड्या लावून, माइकपासून हातभर मागे उभं राहून पूर्ण ताकदीने पुन्हा ओरडून घ्या.

जिथे पुनरावृत्ती हवी तिथे डिले

घुमट, बोगदा, स्वप्नातला प्रसंग, गाणं, इथे एका नकलेने भागत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही असो, तीन खुंट्या असतात. डिले म्हणजे दोन परतींमधलं अंतर. फीडबॅक म्हणजे परत आलेल्या आवाजातला किती भाग पुन्हा आत सोडायचा. मिक्स किंवा वेट-ड्राय म्हणजे मूळ (ड्राय) आणि इको (वेट) यांचं प्रमाण.

सगळ्यात जास्त गडबड फीडबॅकमध्ये होते. ५० टक्क्यांवर प्रत्येक परत आधीपेक्षा सुमारे ६ डेसिबल हळू, म्हणजे पाचेक वेळा ऐकू येऊन विरते. ३० टक्क्यांवर प्रत्येक वेळी १० डेसिबलची घट, दोन-तीनदा येऊन संपते. ७० टक्क्यांवर जेमतेम ३ डेसिबल घटते, मग दहादहा वेळा मागे लागते. १०० टक्क्यांवर विरतच नाही, आणि नवा आवाज येत राहिला तर साचत साचत फुटतो. हेडफोन कानाला असताना हा आकडा ओढत बसू नका. बोलण्यासाठी ४० च्या वर जायची वेळ फार थोड्यांदा येते.

प्रीमियरमध्ये ऑडिओ इफेक्ट्समधल्या ‘डिले अँड इको’ या गटात ॲनालॉग डिले, डिले आणि मल्टिटॅप डिले असे तीन मिळतात. साध्या डिलेची मर्यादा २ सेकंद आहे, त्याहून लांबची परत हवी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे नक्कल सरकवा. मल्टिटॅपमध्ये चार परतींचा उशीर आणि आवाज वेगवेगळा ठरवता येतो. दरीसाठी हाच जास्त उपयोगी.

दाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फेअरलाइट या आवाजाच्या पेजवर जा, इफेक्ट्स लायब्ररी उघडा, फेअरलाइट एफएक्समधला डिले किंवा इको ओढून घ्या. साध्या कामाला डिले पुरतो.

दोन्हीकडे इफेक्ट क्लिपवर न लावता ट्रॅकवर लावावा, आणि याला ठोस कारण आहे. क्लिपवर लावलेला इफेक्ट क्लिप संपली की संपतो, म्हणजे इकोची शेपूट तिथेच कापली जाते. ‘इको लावला पण ऐकूच येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते: शब्द संपतो तिथेच क्लिपही संपलेली असते. ट्रॅकवरचा इफेक्ट क्लिपनंतरच्या रिकाम्या जागेतही चालू राहतो. प्रीमियरमध्ये ऑडिओ ट्रॅक मिक्सरच्या वर डाव्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण उघडला की ट्रॅकच्या इफेक्टच्या जागा दिसतात. रिझॉल्वमध्ये मिक्सरमधल्या त्या ट्रॅकच्या ‘इफेक्ट्स’ चौकटीत अधिक चिन्ह असतं.

तर पद्धत अशी: एक रिकामा ट्रॅक ‘इको’ नावाने ठेवा. त्यावर डिले लावा, मिक्स १०० टक्के वेट, त्यानंतर इक्वलायझर. ज्या शब्दाला इको हवा तेवढाच शब्द कापून, त्याची नक्कल मूळ शब्दाच्या बरोबर खाली, न सरकवता, या ट्रॅकवर टाका. उशीर आता डिले देतो. १०० टक्के वेट असल्यामुळे मूळ शब्द दोनदा वाजत नाही. इको किती मोठा हवा ते ट्रॅकच्या फेडरने, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीने, ठरवा. अख्ख्या संवादात एकाच शब्दाला इको द्यायला कीफ्रेमची (सेटिंग कधी बदलायची त्या खुणांची) माळ लावत बसण्यापेक्षा हे फार सोपं आहे, आणि दिग्दर्शकाने ‘तिथला काढ’ म्हटलं की एक तुकडा डिलीट केला की झालं. मिक्स ५० वर राहून गेलं तर मूळ आवाज अचानक मोठा आणि जाड वाटतो. असं झालं की पहिल्यांदा तीच खुंटी तपासा.

काम ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर तिथल्या ‘इको’ला दोनच रकाने आहेत: डिले टाइम सेकंदांत आणि डिके फॅक्टर. सुरुवातीला १ आणि ०.५ दिलेलं असतं. डिके १ केलं तर प्रत्येक परत मूळएवढीच मोठी येते. हा इफेक्ट निवडलेल्या भागाची लांबी वाढवत नाही, म्हणून आधी शब्दाच्या शेवटी ५ सेकंदांची शांतता जोडा, शब्द आणि शांतता दोन्ही निवडा, मग लावा. फाइल ४८,००० हर्ट्झच्या वेव्ह स्वरूपात काढा, व्हिडिओच्या टाइमलाइनला ती सरळ बसते.

काही जागा, काही आकडे

विजापूरचा गोलघुमट सहलीत पाहिलेला असतोच. घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर, म्हणजे आवाज समोर जाऊन यायला ०.२२ सेकंद. तसा परिणाम हवा तर डिले २२० मिलिसेकंद, फीडबॅक ६० ते ६५ टक्के, आणि इथे मात्र भरपूर लांब रिव्हर्बही जोडीला. अशा जागेत टाळी किंवा एकाक्षरी हाक ठेवावी. लांब वाक्य टाकलंत तर एक शब्द कळणार नाही, खऱ्या घुमटातही कळत नाही.

विहिरीत पाणी १० मीटर खाली असेल तर उशीर फक्त ५८ मिलिसेकंद. वेगळा शब्द परत येत नाही, आवाज दुहेरी होतो. डिले ६०, फीडबॅक ३० ते ३५, वर आखूड रिव्हर्ब. याहून खाली, ३० मिलिसेकंदांच्या आत गेलात तर आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. रोबोटचा आवाज करायचा नसेल तर तिकडे फिरकू नका.

जत्रेतल्या किंवा सभेतल्या भोंग्याचा परिणाम अनेकांना हवा असतो आणि तो नेहमीच्या इकोने कधीच जमत नाही. मैदानात आवाज दोनदा ऐकू येतो, कारण एक भोंगा जवळच्या खांबावर असतो आणि दुसरा लांबच्या. जवळचा ५० मीटरवर आणि लांबचा १२० मीटरवर असेल तर फरक ७० मीटरचा. इथे आवाज एकाच दिशेने येतो, म्हणून दुप्पट करायची नाही: ७० भागिले ३४४, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. फीडबॅक शून्य, कारण भोंगे दोनच आहेत. दुसरी नक्कल ५-६ डेसिबलनेच खाली ठेवा, कड्याइतकी हळू नको. दोन्ही आवाजांना ४०० हर्ट्झच्या खाली आणि ४,००० हर्ट्झच्या वर कट मारा आणि चिमूटभर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) द्या. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ लगेच गावच्या मैदानावर जाऊन बसतं. तिसरा भोंगा हवा असेल तर आणखी ३५० मिलिसेकंदांवर, अगदी हळू.

गाण्यात अंतराशी संबंध नाही, लयीशी आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके, त्या आकड्याने) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या लयीत ठोका ५००, अर्धा २५०, पाऊण ३७५. ९० च्या लयीत ६६७, ३३३ आणि ५००. यात २० मिलिसेकंदांचीही चूक ताशाच्या कडकडाटात लगेच खुपते. कीर्तन-भजनाच्या लाइव्ह रेकॉर्डिंगला मात्र वरून इको देऊ नये. साउंडवाल्याने मिक्सरवरून आधीच दिलेला असतो आणि तो काढता येत नाही.

मनातल्या आवाजाला फार कमी लागतं: डिले १५०, फीडबॅक २०, मूळपेक्षा १५ डेसिबल खाली. अख्खा निवेदनाचा ट्रॅक इकोत बुडवला की श्रोता दोन मिनिटांत थकतो, कारण प्रत्येक शब्द त्याला आधीच्या शब्दाच्या नकलेतून वेचून घ्यावा लागतो.

लावण्यापूर्वी आणि नंतर

आवाजाची सफाई आधी, इको नंतर. पंख्याची घरघर, खोलीचं घुमणं, शेजारचा कुकर, जे काही रेकॉर्डिंगमध्ये आहे ते सगळं परत येतं. इको दिल्यानंतर नॉइज रिडक्शन लावलं तर ते विरत जाणाऱ्या शेपटीलाच कचरा समजून तुकडे तुकडे करतं.

इको म्हणजे आवाजात आणखी आवाज मिसळणं, त्यामुळे पातळी वाढतेच. मूळ संवादाचे शेंडे –६ डेसिबलच्या आसपास ठेवून सुरुवात करा, म्हणजे शून्याला टेकून फाटणार नाही. पार्श्वसंगीतात ढोल चालू असतील तर इको त्यांच्याखाली गडप होतो. अशा वेळी इको वाढवायचा मोह टाळा, ती दोन सेकंद संगीत ६ डेसिबलने खाली घ्या.

हेडफोनवर इको असतो त्यापेक्षा ठळक ऐकू येतो. तिथे बरोबर वाटलेला इको टीव्हीवर कमी पडतो, म्हणून दोन्हीकडे तपासा. पॅन केलेल्या नकला मोबाइलच्या एकाच स्पीकरवर एकत्र येतात. आउटपुट मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र) करून ऐका, आणि मूळ शब्द कुठे पातळ किंवा पोकळ झाला तर दोन नकलांमधलं अंतर ४०-५० मिलिसेकंदांनी वाढवा.

शॉट बदलतो तिथे आधीच ठरवा. गडावरून कट होऊन घरातला प्रसंग सुरू होत असेल तर शेपूट कटवर एकदम तोडू नका, १०-१२ फ्रेममध्ये उतरवा. गडावरूनच दुसऱ्या कोनातला शॉट असेल तर ती कटवरून तशीच पुढे वाहू द्या, दोन्ही शॉट त्यानेच जोडले जातात.

इकोवर व्हिडिओ संपत असेल तर एक्स्पोर्टच्या आधी टाइमलाइनचा शेवट तपासा. सॉफ्टवेअर शेवटच्या क्लिपपर्यंतच एक्स्पोर्ट करतं आणि ट्रॅकवरच्या डिलेची शेपूट त्याच्या पलीकडे असते. आउट पॉइंट (एक्स्पोर्ट जिथे संपतो ती खूण) ३-४ सेकंद पुढे ओढा, तिथवर काळी फ्रेम ठेवा, आणि तयार झालेली फाइल शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकूनच अपलोड करा.